जीआरईचा स्कोर: कुठे लागतो, किती लागतो आणि कुठे पाठवूच नये

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपत आलं की अमेरिकेला एमएससाठी जायचा विचार करणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "३२० पुरतील का?" म्हणजे जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत गणित आणि इंग्रजीचे मिळून ३२० गुण. क्लासवाले सांगतात ३२५ हवेत. सिनिअर सांगतो, त्याला ३१२ वर मिळालं. चुलतभावाचा मित्र सांगतो, आता जीआरई कोणी विचारतच नाही. गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण तिघंही वेगवेगळ्या विभागांबद्दल बोलत असतात.

म्हणून आकड्याचा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. हा लेख मुख्यतः अमेरिकेतल्या एमएस आणि पीएचडीच्या प्रवेशाबद्दल आहे, आणि पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांसाठी आहे. खालच्या क्रमाने गेलात तर परीक्षा द्यायची की नाही, किती जीव काढायचा आणि कधी थांबायचं, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

पहिली पायरी: आधी यादी, मग परीक्षा

बहुतेक जण उलटं करतात. आधी क्लास लावतात, मग परीक्षा देतात, मग आलेल्या स्कोरला साजेशी विद्यापीठं शोधतात. त्यापेक्षा आधी दहाबारा अभ्यासक्रमांची कच्ची यादी करा आणि प्रत्येकाचं प्रवेशाचं पान नीट वाचा.

पान विद्यापीठाचं नाही, विभागाचं वाचायचं. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशाचा निर्णय विभाग घेतो. विद्यापीठाचं ग्रॅज्युएट स्कूल साधारणपणे किमान अटी सांभाळतं: आधीची पदवी, किमान गुण, इंग्रजीची परीक्षा. त्यामुळे एकाच विद्यापीठात मेकॅनिकलवाले जीआरई मागतात, कॉम्प्युटर सायन्सवाले मागत नाहीत, आणि डेटा सायन्सचा तिसराच नियम असतो. "त्या युनिव्हर्सिटीला जीआरई लागत नाही" हे वाक्य कुणी म्हटलं, की लगेच विचारायचं: कुठल्या विभागात, कुठल्या पदवीला, कुठल्या वर्षी?

पानावर तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली सापडेल. एक, जीआरई आवश्यक. दोन, जीआरई ऐच्छिक. तीन, जीआरई विचारात घेतली जात नाही. तिसऱ्या प्रकारात अर्जात स्कोर भरायला बऱ्याचदा रकानाच नसतो. तिथे तो आपल्या बायोडाटात घुसवून पाठवण्यात काही अर्थ नाही, उलट सूचना न वाचल्याचं दिसतं. पहिल्या प्रकारात चर्चाच नाही. सगळा घोळ दुसऱ्या प्रकारात आहे, त्याकडे पुढे येतो.

पान कुठल्या प्रवेशवर्षाचं आहे तेही बघा. कोविडमध्ये, २०२० नंतर, अनेक विभागांनी "या वर्षापुरती सूट" दिली. काहींनी ती कायम केली, काहींनी काढून घेतली. दोन वर्षांपूर्वीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची एक्सेल शीट म्हणूनच धोक्याची. आणि शंका राहिली तर विभागाच्या प्रवेश समन्वयकाला दोन ओळींची ईमेल करा. ते उत्तर देतात, त्यांचं ते कामच आहे.

इथे एक गल्लत दरवर्षी होते. "अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली" अशा बातम्या येतात. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये तसं जाहीर केलं, हे खरं. पण ती एसएटी, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा. एमएस-पीएचडीवाल्यांनी त्या बातमीने घाबरून क्लासची फी भरायचं कारण नाही.

दुसरी पायरी: पदवी कोणती, त्यावर वजन ठरतं

पीएचडीला प्रवेश म्हणजे विभागाने तुमच्यावर पाचसहा वर्षं पैसा लावणं. तुमची ट्यूशन, विद्यावेतन, एखाद्या प्राध्यापकाची प्रयोगशाळा, सगळं त्यात आलं. त्यामुळे तिथे अर्ज प्राध्यापकांची समिती वाचते आणि तिचा खरा प्रश्न एकच असतो: या माणसाला संशोधन जमेल का? त्याचं उत्तर जीआरईत नसतं. ते शिफारसपत्रात, केलेल्या कामात आणि तुम्ही विषयाबद्दल काय लिहिता त्यात असतं. जीवशास्त्राच्या पीएचडी अभ्यासक्रमांनी २०१७-१८ पासूनच जीआरई सोडायला सुरुवात केली होती. कोविडने ती लाट बाकीच्या विषयांत नेली. अपवाद अर्थशास्त्र. तिथे गणिताची तयारी हा मोठा निकष असल्यामुळे क्वांटच्या, म्हणजे जीआरईतल्या गणिताच्या भागाच्या, आकड्याकडे अजून बारकाईने पाहिलं जातं, आणि पूर्ण गुणांच्या आसपास नसाल तर चांगल्या विभागांत अडचण येते.

एमएसचं गणित वेगळं. बहुसंख्य भारतीय विद्यार्थी ज्या एमएसला जातात ती स्वखर्चाची, दीड-दोन वर्षांची, मुख्यतः अभ्यासक्रम पूर्ण करायची पदवी असते. अर्ज हजारोंनी येतात, वाचणारी माणसं थोडी. अशा ठिकाणी स्कोर चाळणीसारखा वापरला जाण्याची शक्यता जास्त. जीआरई घेणारी संस्था ईटीएस स्वतः सांगते की फक्त स्कोरवर कटऑफ लावून कुणाला वगळू नये. पण गठ्ठा मोठा असला की माणूस काय करतो हे आपल्यालाही माहीत आहे. या चाळणीतून खाली पडायचं नाही, एवढंच तुमचं उद्दिष्ट. वर राहिल्यावर तुम्ही किती वर आहात याला फारशी किंमत उरत नाही. क्लासच्या जाहिरातीत मात्र हे वाक्य तुम्हाला कधी सापडणार नाही.

एमबीएला जीमॅट आणि जीआरई दोन्ही चालतात अशी बरीच कॉलेजं आहेत. तिथे वर्गाचे सरासरी स्कोर जाहीर केले जातात आणि कॉलेजांच्या क्रमवारीतही वापरले जातात, त्यामुळे आकड्याला खरोखर वजन आहे. जीमॅटचं रूप २०२३ च्या शेवटी बदललं आणि स्कोर आता २०५ ते ८०५ या पट्टीवर येतो. जुन्या ७२० शी आजचे ७२५ जोडू नका. एमबीएबद्दल इथे एवढंच.

मग स्कोरला अर्थ आहे की नाही? यावर संशोधकांतही जुंपलेली आहे. २००१ साली कुन्सेल, हेझलेट आणि वन्स यांनी आधीच्या कित्येक अभ्यासांची एकत्र छाननी करून दाखवलं की जीआरईचा स्कोर पदव्युत्तर वर्गातल्या गुणांशी, विशेषतः पहिल्या वर्षाच्या, बऱ्यापैकी जुळतो. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये मिलर आणि स्टॅसन यांनी लिहिलं की या परीक्षेमुळे विज्ञानातून स्त्रिया आणि अल्पसंख्य गट गाळले जातात. २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या पीएचडीवर एक अभ्यास आला: पदवी पूर्ण कोण करेल हे स्कोरवरून सांगता येत नाही. त्यावर टीकाकारांनी बोट ठेवलं की अभ्यास फक्त प्रवेश मिळालेल्यांचा आहे. कमी स्कोरवाले बाहेरच राहिले, मग उरलेल्यांत फरक दिसणार कसा? माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. वर्गातल्या गुणांचा अंदाज स्कोर थोडाफार देतो. चार वर्षं एकाच प्रयोगावर डोकं आपटत राहण्याची तयारी तो मोजत नाही.

तिसरी पायरी: स्कोर वाचायला शिका

जीआरईत तीन आकडे येतात. व्हर्बल (इंग्रजी) १३० ते १७०, क्वांट (गणित) १३० ते १७०, आणि लेखनाचा ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणाने. आपल्याकडे पहिले दोन मिळवून "३२०" म्हणायची पद्धत पडली आहे. अर्जात असा रकाना नसतो. ईटीएसही सांगते की हे आकडे वेगवेगळे वाचावेत, एकत्र मिळवू नयेत.

फरक किती पडतो बघा. एकाला क्वांट १६९, व्हर्बल १५१. दुसऱ्याला क्वांट १५८, व्हर्बल १६२. बेरीज दोघांची ३२०. इलेक्ट्रिकलच्या एमएसला पहिल्याचा अर्ज बिनतक्रार पुढे जाईल. दुसऱ्याचा क्वांट जगभरातल्या परीक्षार्थींच्या मध्याच्याही खाली आहे, आणि ज्याला पुढे दोन वर्षं सिग्नल प्रोसेसिंग शिकायचंय त्याच्यासाठी ते वाईट दिसतं. हाच दुसरा सार्वजनिक धोरणाच्या किंवा पत्रकारितेच्या पदवीला अर्ज करत असेल तर बाजू उलटते.

त्यामुळे गुणांबरोबर पर्सेंटाइल बघा. क्वांटमध्ये इतके जण पूर्ण गुण मिळवतात की १७० ला सुद्धा पर्सेंटाइल ९० च्या आसपासच येतो. १६५ म्हणजे सत्तरच्या आतबाहेर, १६० म्हणजे साधारण निम्म्यावर. व्हर्बलमध्ये तेच १६० तुम्हाला ८० च्या वर नेतात. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाला क्वांटच्या १६० चा अभिमान वाटतो आणि व्हर्बलच्या १५५ ची लाज. खरं तर त्यातला १५५ जगाच्या तुलनेत वरचढ आहे.

लेखनाच्या आकड्याकडे कुणी बघत नाही असं ऐकलं असेल. ३.५ आला तर खरंच कुणी बघत नाही. २.५ आला आणि एसओपी, म्हणजे हेच का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, मात्र ओघवत्या, एकही चूक नसलेल्या इंग्रजीत असला तर प्रश्न पडतो. यात एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते: परीक्षेत तुम्ही टाइप केलेला निबंध स्कोरसोबत विभागाला वाचता येतो. पाठ केलेला साचा तिथे आणि उसनी एसओपी इथे, शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय त्यांच्याकडे आहे.

चौथी पायरी: "ऐच्छिक" म्हणजे तुमच्यासाठी काय

ऐच्छिक या शब्दामागे कुठलाही सापळा नाही. स्कोर नसलेला अर्ज बाजूला टाकत नाहीत. पण स्कोर पाठवला तर तो वाचला जातो, आणि मग तो तुमच्या बाजूने बोलायला हवा. तेव्हा प्रश्न असा: तुमच्या फाइलमध्ये कुठे भोक आहे, आणि ते जीआरईने बुजतं का?

समजा, मुंबई विद्यापीठाखालच्या एका साध्या कॉलेजातून तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स केलंत. सीजीपीए ७.१, दुसऱ्या वर्षात गणित-३ ची केटी. अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला तुमचं कॉलेज माहीत नाही, ७.१ चांगले की वाईट हे त्याला चटकन कळत नाही, केटी मात्र ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत पत्रकावर, दिसते. अशा वेळी क्वांटचे १६७ काम करतात. गणित कच्चं आहे ही शंका ते दूर करतात. इथे जीआरई द्याच.

समजा, तुम्ही सीओईपीत किंवा व्हीजेटीआयमध्ये आहात, ९.२ आहेत, एका उन्हाळ्यात आयआयटीत इंटर्नशिप झाली आहे आणि एक पेपर आला आहे. विभागाने जीआरई ऐच्छिक ठेवली आहे. तुमच्या अर्जात जीआरईने भर पडण्यासारखं फारसं काही नाही. १६९ आले तरी "बरं" एवढंच. १६१ आले तर निष्कारण प्रश्नचिन्ह. यादीतल्या दहापैकी एकदोन विभागच स्कोर मागत असतील तर ते विभाग बदलणं स्वस्त पडतं.

तिसरा प्रकार शाखा बदलणाऱ्यांचा. सिव्हिल करून डेटा सायन्सला, बीकॉम करून फायनान्शियल इंजिनिअरिंगला. इथे चांगला क्वांट उपयोगी आहे पण पुरेसा नाही. जीआरईतलं गणित आपल्या दहावीच्या आसपासचं: टक्केवारी, गुणोत्तर, भूमिती, थोडी संभाव्यता. कॅल्क्युलस त्यात नाही. तेव्हा तुम्ही लिनिअर अल्जेब्रा आणि संख्याशास्त्र केलंय हे ट्रान्सक्रिप्टने किंवा एनपीटीएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या) एखाद्या परीक्षेने दाखवावं लागेल. क्वांट १७० असूनही असे अर्ज नाकारले जातात, कारण पूर्वअट म्हणून मागितलेले विषयच झालेले नसतात.

आणि एक गोष्ट स्कोरने भरून निघत नाही, कितीही वाटलं तरी: शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये घसरलेले गुण. चार वर्षांच्या कामापुढे दोन तासांच्या परीक्षेला तेवढीच किंमत देतात, आणि ते योग्यच आहे.

पाचवी पायरी: द्यायची ठरली तर

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई निम्म्यावर आली आहे. एकूण वेळ १ तास ५८ मिनिटं. एक निबंध, व्हर्बलचे दोन भाग मिळून २७ प्रश्न, क्वांटचेही दोन भाग मिळून २७. पूर्वीचा दुसरा निबंध, ज्यात दिलेल्या युक्तिवादातल्या चुका काढायच्या असत, तो गेला. क्लासने हातात दिलेल्या नोट्समध्ये तो अजून असेल तर नोट्स केव्हाच्या आहेत हे तुम्हाला कळलं. आपण कितव्या भागात आहोत हेही महत्त्वाचं: पहिला भाग जसा सोडवाल त्यावर दुसरा सोपा येणार की कठीण, हे ठरतं. प्रश्न थोडे असल्यामुळे पहिल्या भागातल्या निष्काळजी चुका महागात पडतात.

फी वीस हजारांच्या वर आहे. घरूनही देता येते, पण वीज आणि नेटचा भरवसा नसेल तर केंद्र बरं.

ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, मूळ प्रत. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो: मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी खाली आईचंही, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर आणखी एक पदर. खातं उघडण्याआधी पासपोर्ट समोर ठेवा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, पुस्तकं नंतर घ्या.

तयारीची सुरुवात ईटीएसच्या पॉवरप्रेप या दोन फुकट सराव परीक्षांपैकी पहिलीने करा, काहीही न वाचता. आलेला क्वांट १६३-१६४ असेल तर सहा ते आठ आठवडे घरच्या घरी पुरतात, क्लासची गरज नाही. १५० च्या आसपास असेल तर गणिताचा पाया परत घालावा लागेल. दुसरी पॉवरप्रेप परीक्षेच्या आठवडाभर आधीसाठी राखून ठेवा. खऱ्या स्कोरच्या सर्वांत जवळचा अंदाज तिथेच मिळतो. तीन हजार शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा रोज एक लांब इंग्रजी लेख वाचून त्याचा मुद्दा दोन वाक्यांत लिहिणं व्हर्बलला जास्त उपयोगी पडतं. शब्द येत असूनही मुलं वाक्याचा रोख चुकतात, हे मी सारखं पाहतो.

वेळापत्रक उलटं मांडा. पीएचडीच्या तारखा बहुधा १ ते १५ डिसेंबर, एमएसच्या डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. सेमिस्टर परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डोक्यावर असते. म्हणून पहिला प्रयत्न जुलै-ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी उरकावा. गरज पडली तर दुसरा सप्टेंबरच्या शेवटी. दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर सक्तीचं आहे आणि बारा महिन्यांत पाचच वेळा देता येते. स्कोर पाच वर्षं चालतो, तेव्हा नोकरी करून मग जायचं असेल तरी शेवटच्या वर्षात देऊन ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्यांदा द्यायची की नाही? क्वांट १६५ च्या खाली आणि विषय तांत्रिक असेल, सराव परीक्षांत याहून चार-पाच गुण जास्त येत असतील, तर द्या. १६७ चे १६९ करायला देऊ नका.

सहावी पायरी: पाठवताना

परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी स्कोर फुकट पाठवता येतो. पडद्यावर व्हर्बल आणि क्वांटचे अनधिकृत आकडे दिसतात. त्या घाईत विद्यापीठांची नावं आठवत बसू नका; स्कोर आवश्यक असलेले चार विभाग आधीच ठरवून, विद्यापीठाचा चार अंकी कोड पाठ करून जा. ऐच्छिक असलेल्यांना तिथून पाठवू नका. नंतर पाठवायचा झाला तर प्रत्येक अहवालाला वेगळे डॉलर पडतात, पण त्या वेळी कुठल्या तारखेचा स्कोर पाठवायचा हे तुम्ही निवडू शकता. दोनदा परीक्षा दिली असेल तर चांगलाच पाठवा. पडलेला त्यांना दिसत नाही. मात्र एका परीक्षेचा क्वांट आणि दुसरीचा व्हर्बल अशी जोडणी करता येत नाही, त्या दिवसाचा पूर्ण स्कोर जातो.

पुष्कळ विभागांना अर्जाच्या वेळी तुम्ही स्वतः भरलेला आकडा चालतो, अधिकृत अहवाल प्रवेश मिळाल्यावर मागतात. दहा अर्जांत हे पैसे चांगलेच वाचतात, म्हणून पानावर तेवढी एक ओळ शोधा.

सातवी पायरी: उरलेला वेळ कुठे घालायचा

१६६ वरून १६९ वर जायला जो महिना लागतो त्यात एक चांगलं शिफारसपत्र उभं राहतं. तीन लागतात, आणि आपल्याकडचा सगळ्यांत कच्चा दुवा हाच.

प्रथा तुम्हाला माहीत आहे. सरांकडे गेलं की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग तीन सरांची तीन पत्रं एकाच विद्यार्थ्याच्या एकाच भाषेत जातात, आणि तिन्हींत "हुशार, मेहनती आणि नम्र" हेच असतं. वाचणाऱ्याला ते ओळखू येतं. सरांनी नुसतं तसं म्हटलं म्हणून त्यांच्यावर चिडूही नका. एकेका विभागात साठ-सत्तर मुलं रांगेत असतात. त्यांचं काम सोपं करा. एका पानावर सात-आठ मुद्दे लिहून द्या: कुठला विषय त्यांच्याकडे केला, प्रकल्पात नेमकं काय अडलं, ते कसं सुटलं, त्यांनी तेव्हा काय सुचवलं होतं. उदाहरणार्थ: "सेन्सरची वाचनं रोज दुपारी सरकत होती. आम्हाला सर्किटचा दोष वाटला. तिने आठवडाभर खोलीचं तापमान नोंदवून दोष सेन्सरचाच आहे हे दाखवलं." पत्रात असं एक जरी वाक्य सरांच्या शब्दांत आलं, तरी विशेषणांच्या अख्ख्या पानाहून ते जास्त चालतं. आणि पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जायला हवं; जीमेलवरून आलेली पत्रं काही विद्यापीठं स्वीकारत नाहीत. सरांना कॉलेजचा ईमेल आहे का, तो उघडतो का, हे सप्टेंबरमध्येच विचारून घ्या.

ट्रान्सक्रिप्टचं काम पावसाळ्यातच सुरू करा. स्वायत्त कॉलेजात ते कॉलेजातच होतं, संलग्न कॉलेजवाल्यांना विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खेपा घालाव्या लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीत फाइल हलत नाही.

एसओपीत जीआरईचा आकडा लिहू नका, तो अर्जात आहेच. तिथे विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांचं काम वाचून तुमच्या कामाशी त्याचा कुठे धागा जुळतो ते लिहा. पीएचडीला तर हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

आणखी थोडं

इंग्रजीची परीक्षा ही वेगळी बाब आहे, आणि तिथे कटऑफ खरेखुरे असतात. टोफेल किंवा आयएल्ट्समध्ये विद्यापीठाच्या किमान आकड्याच्या खाली गेलात तर विभागाची इच्छा असूनही प्रवेश अडतो. शिवाय टीचिंग असिस्टंटशिप हवी असेल तर बोलण्याच्या भागाची अट बहुधा प्रवेशाच्या अटीपेक्षा वरची असते. फी माफ होऊन वर महिन्याला पैसे मिळण्याचा रस्ता त्यातून जातो, त्यामुळे क्वांटच्या शेवटच्या दोन गुणांपेक्षा स्पीकिंगचे दोन गुण पैशांत जास्त मोलाचे. हे स्कोर दोनच वर्षं चालतात.

जर्मनीला जाणाऱ्यांनी "तिथे जीआरई नसते" यावर विसंबू नये. आखेनच्या आरडब्ल्यूटीएचसारख्या ठिकाणी काही अभ्यासक्रम युरोपबाहेरच्या अर्जदारांकडून ती मागतात, आणि काही ठिकाणी भारतीयांना त्याऐवजी गेटचा स्कोरही चालतो. २०२२ च्या शेवटापासून भारतीयांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) प्रमाणपत्र मात्र बंधनकारक आहे, त्याला वेळ लागतो.

कन्सल्टंटकडे जाणार असाल तर एवढं विचारा: विद्यापीठाकडून कमिशन मिळतं का? मिळत असेल तर तुमचे ३१५ "फक्त याच पाच ठिकाणी" का चालतात याचा उलगडा होईल.

शेवटी कर्ज. तारण न घेता शैक्षणिक कर्ज देणाऱ्या काही वित्तसंस्था विद्यापीठ आणि सीजीपीएबरोबर जीआरईचा स्कोरही बघतात, जरी विभागाने तो मागितला नसला तरी. घर किंवा जमीन तारण ठेवायची नसेल आणि वडिलांच्या पगारावर पूर्ण कर्ज बसत नसेल, तर परीक्षा सोडून देण्याआधी दोन-तीन संस्थांकडे फोन करून व्याजदरात स्कोरने किती फरक पडतो ते विचारा. चाळीस लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला वीस हजार, जवळपास परीक्षेच्या फीएवढे.